दोन हजार सातशे सत्तर

बाळाला पारड्यात ठेवायच्या आधी अप्पांनी पितळेचं पारडं तळहातांनी चोळून गरम केलं. मग त्यात एक दुपटं घातलं आणि तसलंच दुसरं पलीकडच्या पारड्यात. दांडी डुलत डुलत सरळ झाली. काटा मधल्या खुणेवर येऊन थांबला तेव्हा ते म्हणाले, "आणा."

सूनबाईनं बाळ आणलं. पाच दिवसांचं होतं. झोपलेलं.

हा तराजू अप्पांच्या दुकानातला. चाळीस वर्षं ते काटे दुरुस्त करत आले होते, आणि या तराजूला त्यांनी कधी दुकानाबाहेर नेलं नव्हतं. आज तो उचलून बैठकीच्या खोलीत आणला होता तो आक्कांमुळे. सकाळी घरभेटीला आलेल्या सिस्टरांनी झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं होतं, आणि अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, तोंडावर सांगितलं होतं की असल्या लोंबत्या काट्यावर मी कांदेसुद्धा घ्यायची नाही.

अप्पांनी वजनं ठेवली. दोन किलो. पाचशे. दोनशे. पन्नास ठेवल्यावर दांडी हलली, पण पुरती नाही. मग वीस. काटा मधे आला.

"दोन हजार सातशे सत्तर," अप्पा म्हणाले.

झोळीच्या काट्यावरही तेवढंच भरलं होतं.

एरवी अप्पांना अशा वेळी बरं वाटायचं. दोन काटे जुळले की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांची बायको म्हणायची, पोराच्या निकालाला एवढे हसला नव्हतात. आज त्यांनी सूनबाईकडे बघितलं आणि आपण हे कशाला सिद्ध करून दाखवलं असं त्यांना झालं.

सिस्टरांनी दवाखान्याचं कार्ड उघडलं. "जन्माचं वजन तीन हजार दोनशे. म्हणजे चारशे तीस गेलं."

"गेलं म्हणजे कुठे गेलं?" वायरमननं विचारलं. अप्पांचा हा एकुलता एक मुलगा. वीज खात्यात होता, खांबावर चढून जिवंत तारा जोडायचा, आणि गेले पाच दिवस बाळाला दोन हातांत धरायलाही घाबरत होता.

"पहिल्या दिवसांत सगळ्यांचंच उतरतं. शंभरात सात, आठ. दहापर्यंत आम्ही बघत थांबतो. हे तेराच्या वर गेलंय."

"म्हणजे पोर उपाशी आहे," आक्का म्हणाल्या.

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता? चारशे तीस ग्रॅम काय वाऱ्यानं उडालं?"

सिस्टर वयानं पन्नाशीच्या. प्रसूती वॉर्डाच्या प्रमुख. सूनबाईला बाळंतिणींना समजावायच्या कामाला लावलं तेही त्यांनीच. त्यांनी आक्कांकडे न बघता सूनबाईला विचारलं, "कालपासून लंगोट किती ओले?"

"सात."

"शी?"

"काळी थांबली. पिवळी व्हायला लागलीये."

सिस्टरांनी बाळाची टाळू बघितली, ओठ उघडून बोटानं जीभ बघितली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. हे सगळं त्यांनी दोनदा केलं. मग त्या खुर्चीवर बसल्या.

"बाळाकडे बघितलं तर मी म्हणेन, ठीक आहे. कार्डाकडे बघितलं तर म्हणेन, दवाखान्यात भरती करा. आणि मला कार्ड सोडून चालत नाही. दोन वाजेपर्यंत घेऊन या. तोवर दर दीड तासाला अंगावर घ्या, उरलेलं वाटीत काढून चमच्यानं पाजा. झोपू देऊ नका फार."

"आणि तिथं गेल्यावर?" सूनबाईनं विचारलं.

"डॉक्टर रक्त बघतील. वरचं दूध द्यावं लागलं तर द्यावं लागेल. तू हे सगळं दुसऱ्यांना समजावतेस गं. तुला काय सांगू मी?"

सिस्टर गेल्या. जाताना त्यांनी सूनबाईच्या पाठीवर हात ठेवला. सूनबाईला तो हात नको होता. आपण दुसऱ्या बायकांच्या पाठीवर नेमका तसाच ठेवतो, हे तिला आठवलं.

*

सगळ्या वस्तीत तिला "सहामहिने" म्हणायचे. सरकारची मोहीम देशभर चालू झाल्यापासून ती गाडीतून भोंगा घेऊन फिरायची. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्या, पहिला चीक टाकू नका, आणि सहा महिने दुसरं काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पोरं मागून ओरडायची, "सहामहिने आली!" ती पण हात हलवायची. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तिचा फोटो होता. शेजारच्या एका बाईचं बाळ हातात देऊन काढलेला. स्वतःचं तेव्हा कुठे होतं.

आता ती पलंगावर पाठीला उशी लावून बसली होती आणि वाटीत दूध काढत होती. जे बायकांना शिकवलं तेच करत होती. बोटं मागे दाबायची, मग पुढे. घासायचं नाही. दहा मिनिटांनी वाटीच्या तळाला पिवळसर दीड चमचा जमलं.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाटीत डोकावलं.

"एवढंच?"

नव्या मुलींना शिकवताना सूनबाई हेच पहिल्यांदा सांगायची. बाळंतिणीसमोर हा शब्द काढायचा नाही. कितीही थोडं असू दे, काढायचा नाही. एका शब्दानं बाई संपते. आज तिला कळलं की हे आपण पाठ केलेलं सांगत होतो. खरं किती आहे ते आत्ता कळत होतं.

"आक्का, हे बाळाच्या पिण्यानंतरचं आहे."

"अगं, मी काय तुझी वैरीण आहे का? माझी दोन्ही पोरं डब्याच्या दुधावर वाढली. एक आज पोलिसात आहे. बघितलंस ना केवढा झालाय? दारातून वाकून येतो. डब्याला विष म्हणतात का?"

"विष नाही म्हणत मी."

"भोंग्यातून काय म्हणतेस मग?"

आक्कांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. बाळ जन्मलं त्या दिवसापासून तो त्यांच्या पिशवीत होता. घरात सगळ्यांना माहीत होतं. पिशवी कोपऱ्यात असायची आणि सगळे तिला वळसा घालून जायचे.

वायरमन आत आला. बायकोकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"एकदाच देऊ या," तो म्हणाला. "दोन वाजेपर्यंत. एकदा दिल्यानं काय बिघडतं?"

हा प्रश्न तिला शंभर नवऱ्यांनी विचारला असेल. त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. वरचं दिलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी उतरतं, मग आणखी वरचं लागतं. ती हे हसत हसत सांगायची, बोटांवर एकेक मोजत. आता तिला फक्त बाळाचा श्वास ऐकू येत होता. एक श्वास जरा उशिरा आला की ती वाकून बघायची.

"तू रागावलीस का?" वायरमननं विचारलं.

"नाही. मला भीती वाटतेय."

"मला पण."

"माझ्या हट्टापायी हिला काही झालं तर, अरे..."

"असं बोलू नको."

"बोलू दे तिला," आक्का म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. आवाज एकदम खाली आला. "हट्ट वाईट नसतो. पण वजन खोटं बोलत नाही ना, पोरी. तुझ्या सासऱ्याच्या तराजूवर केलंय."

सूनबाईला गेल्या महिन्यातल्या चौघीजणी आठवल्या. आपापल्या भागातल्या केंद्रात बाळाचं वजन केलं आणि घाबरून तिच्याकडे आल्या होत्या. ताई, उतरलं, खूप उतरलं. तिनं समजावलं होतं. दोघींनी ऐकलं, दोघींनी डबा आणला. डबा आणणाऱ्यांवर ती मनातून चिडली होती. आता वाटलं, शहाण्या त्याच होत्या.

"करा आक्का," ती म्हणाली. "पाणी उकळा. पण वाटी-चमच्यानं. बाटली नको."

आक्का उठल्या. जिंकल्याचा काही भाव त्यांच्या तोंडावर नव्हता.

*

अप्पा तराजू उचलून दुकानात घेऊन आले होते. दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या अंगाची एक खोली. शटर अर्धं वर केलं की उजेड थेट बाकावर पडायचा. दहा आठवडे ते शटर फारसं उघडलं नव्हतं.

दहा आठवड्यांपूर्वी त्यांची बायको गेली. स्वयंपाकघरात पडली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली. त्यानंतर गिऱ्हाईक यायचं, हाक मारायचं, जायचं. अप्पा आतून ऐकायचे.

त्यांनी तराजू खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. सिस्टरांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. बाळाकडे बघितलं तर ठीक. कार्डाकडे बघितलं तर नाही.

धंद्यात त्यांचा एक साधा नियम होता. दोन काटे एक सांगतात आणि तिसरा वेगळं सांगतो, तर आधी तिसरा उघडून बघायचा. झोळीचा काटा आणि हा तराजू जुळले होते. तिसरा कुठला? जन्माचं वजन ज्यावर केलं तो. वॉर्डातला, खिडकीजवळचा. त्या काट्याची देखभाल कुणाकडे होती? त्यांच्याकडे. मोहिमेत प्रत्येक दवाखान्याला बाळांचे नवे काटे मिळाले, तेव्हापासून या वॉर्डातल्या तपासणीचं काम अप्पाच करत.

त्यांनी मुलाला हाक मारली. "अरे, ते कार्ड आण जरा. आणि बाळ झालं तेव्हा तू वजनाचा फोटो काढला होतास ना मोबाइलवर? तो पण."

वायरमननं फोटो मोठा करून दाखवला. लाल आकडे. खाली बाळाची टाच. त्याखाली काट्याच्या कडेला तपासणीचं स्टिकर, अप्पांची सही आणि तारीख.

अप्पांनी तारीख दोनदा वाचली. बायको गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाची होती.

"मी गेलो होतो त्या दिवशी?"

"हो की. आम्ही नको म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, काम कबूल केलंय. मीच सोडलं तुम्हाला गाडीवरून. अप्पा, तुम्हाला आठवत नाही?"

अप्पांना काहीच आठवत नव्हतं. गाडी नाही, वॉर्ड नाही, सही केलेली नाही. अख्खा दिवसच कुणी कापून नेल्यासारखा. सही मात्र त्यांचीच होती, आणि अक्षर नेहमीसारखं नीट.

"तू आत जा," ते म्हणाले. "मी आलोच."

काटा तपासायला ते पाच किलोचं बिडाचं वजन वापरत. कपाटातून ते काढलं. उचललं तेव्हा हाताला काही वेगळं लागलं नाही. निदान त्यांनी तसं स्वतःला सांगितलं. ते एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात पितळेची सरकारी शिक्क्याची वजनं. दोन, दोन, एक. पाच किलो.

पितळेच्या वजनांचं पारडं खाली गेलं आणि बाकावर आपटलं.

त्यांनी पितळेची वजनं कमी करत आणली. दांडी सरळ झाली तेव्हा पितळ होतं चार किलो सहाशे नव्वद.

तीनशे दहा ग्रॅम कमी.

बिडाच्या वजनाच्या बुडाला एक पोकळी असते. त्यात शिसं ओतून वजन नेमकं करतात आणि वरून बूच पिळतात. अप्पांनी बूच उघडलं. आत काही नव्हतं. करंगळी घालून बघितली. कोरडं बीड.

मग त्यांनी बाकाच्या मागे, शेगडीकडे बघितलं. लोखंडी पळी तिथंच होती. तिच्यात थिजलेलं शिसं होतं, पळीच्याच आकाराचं, वर धुळीचा थर. बायको पडली त्या सकाळी ते जुनं शिसं काढून नव्यानं ओतायला बसले होते. शिसं वितळलं होतं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि ते पळी ठेवून उठले होते.

आणि ती गेल्यावर आठव्या दिवशी परत येऊन त्यांनी बूच लावलं होतं. रिकाम्यावर. ते वजन घेऊन वॉर्डात गेले होते, काट्याला सांगितलं होतं, हे पाच किलो आहे. काट्यानं ऐकलं, आणि तेव्हापासून तो सगळंच जास्त दाखवू लागला.

पाच किलोमागे तीनशे दहा. तीन किलोच्या बाळामागे जवळजवळ दोनशे. बाळ जन्मलं तेव्हा तीन हजार दोनशे नव्हतंच. तीन हजार होतं.

त्यांनी बाकाची कड धरली. नात बरी आहे ही गोष्ट मनात यायला थोडा वेळ लागला, आणि ती आली तेव्हा तिच्या पाठोपाठ दुसरी आली. तो काटा नऊ आठवडे तिथं होता.

*

अप्पा आत आले तेव्हा वायरमन चमचा धरून उभा होता. वाटीत डब्याचं दूध कालवून झालं होतं, आक्का ते मनगटावर टाकून बघत होत्या. सूनबाईनं डोळे मिटले होते.

वडिलांचा चेहरा बघून वायरमनला वाटलं, आणखी कुणीतरी गेलं.

"ते ठेवा," अप्पा म्हणाले. "काटा चुकलाय. वॉर्डातला. मी चुकवलाय."

त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. वजन, बूच, पळी. कुठेही "तुमची आई गेली म्हणून" असं म्हणाले नाहीत. वायरमनच्या ते लक्षात आलं आणि त्यानं हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे किती उतरलं खरं?" सूनबाईनं विचारलं. ती सरळ बसली होती.

"दोनशे तीस."

तिनं हिशेब केला. ओठ हलले. "आठच्या आत." मग ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रडता रडताच बाळाला अंगावर घेतलं. बाळ कुरकुरलं, तोंड फिरवलं, मग लागलं.

आक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"चला, सुटलो," आक्काच म्हणाल्या. मग भावाजवळ जाऊन हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत: "आता असं कर. वजन नीट कर. जा दवाखान्यात, म्हण, वार्षिक तपासणी आहे. काटा बरोबर कर आणि ये. बोभाटा कशाला? तुझा परवाना जाईल. चाळीस वर्षांचं नाव आहे."

"आक्का..." वायरमन म्हणाला.

"तू गप्प बस. कुणाचं काय बिघडलंय? काटा जास्त दाखवत होता. कमी नाही. सगळ्यांची पोरं कागदावर जरा गुबगुबीत झाली, एवढंच."

वायरमनला क्षणभर ते पटलं. वडिलांचा परवाना, त्यांचं दुकान. आई गेल्यावर त्यांच्याकडे दुसरं होतं काय? तो बायकोकडे वळला. तिचं रडणं थांबलं होतं. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग परत उतरला होता.

"अप्पा," ती म्हणाली, "अडीच किलोच्या खालचं बाळ असलं तर त्याला वेगळं ठेवतात. लगेच घरी सोडत नाहीत. ओढायला ताकद नसते त्यांना. आईच्या छातीशी बांधून ठेवतात, दूध काढून पाजतात, रोज वजन. घरी सिस्टर दोन दिवसांआड जाते."

"मग?"

"मग खरं कमी असून काट्यानं अडीच दाखवलं असेल तर?"

अप्पांना दुकानातच ते कळलं होतं. मोठ्यानं कुणीतरी म्हणावं म्हणून ते थांबले होते.

"त्यांना टाळ्या वाजवून घरी पाठवलं असेल," सूनबाई म्हणाली. "मीच पाठवलं असेल. म्हटलं असेल, सहा महिने फक्त अंगावर, काही काळजी नाही."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. मग वाटी उचलली, मोरीत नेऊन ओतली आणि पिशवी घेऊन आल्या.

"रिक्षा बोलव," त्या वायरमनला म्हणाल्या. "उभा काय राहिलास खांबासारखा?"

*

सिस्टरांनी अप्पांचं सगळं ऐकून घेतलं. खिडकीजवळचा काटा उचलून स्वतः कपाटात कुलुपात ठेवला. मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आधी अप्पांच्या नातीला तपासलं. बाळ ठीक आहे, म्हणाले. आईनं पकड जरा बदलायला हवी, खालचा ओठ आत जातोय. उद्या परत वजन. बास. सकाळपासून ज्या भीतीनं घर पोखरलं होतं ती दोन वाक्यांत मिटली, आणि कुणाला हसायला वेळ मिळाला नाही.

सिस्टरांनी नोंदवही काढली. नऊ आठवडे. सूनबाई बाळाला घेऊन बाजूला बसली आणि बोटानं रकाना खाली नेत गेली. ज्यांचं वजन अडीच हजार आणि दोन हजार सहाशे साठच्या मधे लिहिलं होतं त्यांच्यावर सिस्टरांनी पेन्सिलीनं खूण केली. खरी वजनं सगळी अडीचच्या खाली.

नऊ निघाली.

सिस्टर फोन लावत गेल्या. बाळ कसं आहे, किती वेळा पितं, आत्ता घेऊन या, घाबरू नका पण आत्ता या. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येक फोन लागेपर्यंत त्यांची नजर जमिनीवर असायची. पलीकडून बोलणं आलं की ती वर यायची. असं आठ वेळा झालं. एक बाळ आधीच दुसऱ्या दवाखान्यात होतं, डब्यावर, पण सुधारत होतं. बाकीच्या निघाल्या म्हणाल्या.

नववा फोन बंद होता.

"दोन हजार पाचशे वीस," सिस्टरांनी वाचलं. "एकोणीस दिवस झाले. खरं दोन हजार तीनशे साठ-पासष्ट असेल. पत्ता गिरणीमागच्या चाळीचा."

"मला माहीत आहे ती," सूनबाई म्हणाली. "शिवणकाम करते. पहिलटकरीण. मी येते."

"तू कुठे येतेस? बस," आक्का म्हणाल्या. "टाके ओले आहेत अजून. मी जाते याच्याबरोबर."

*

आक्कांना भावाबरोबर रिक्षात बसून किती वर्षं झाली ते आठवेना. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्या रिक्षावाल्यालाच बोलत राहिल्या. इकडून घे, तिकडून घे, तुझा हॉर्न काय शोभेला आहे का?

दार एका पोरसवदा बाईनं उघडलं. मागे शिवणाचं मशीन, त्यावर अर्धी शर्टाची बाही. बाळ मशीनशेजारी टोपलीत होतं.

"दवाखान्यातून आलोय," अप्पा म्हणाले. "तुमचा फोन लागत नाही."

"चार्जर बिघडलाय. काय झालं?"

"बाळ कसं आहे?"

"छान आहे हो." ती हसली. "नावाला त्रास नाही. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस. पाच-पाच तास झोपतं. रडत पण नाही. मीच उठवते, तर दोन घोट घेतं की परत झोप."

आक्का पायातलं न काढताच आत गेल्या. टोपलीतून बाळ उचललं. हलकं. इतकं हलकं की हात उगाच वर गेला. त्यांनी लंगोट चाचपला, कोरडा. तळव्याला टिचकी मारली. बाळानं पाय ओढून घेतला, पण सावकाश, कुणी सांगितल्यावर मग आठवल्यासारखा.

"चल," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल. बाळाला दवाखान्यात न्यायचंय."

"का? वजन तर चांगलं होतं. कार्डावर लिहिलंय. थांबा, दाखवते." ती खरंच फळीवरून कार्ड काढायला लागली. "हे बघा, दोन हजार पाचशे वीस. त्या सहामहिने ताई म्हणाल्या, काही काळजी नाही, फक्त अंगावर पाज. मी पाण्याचा थेंब दिला नाही हो. एक थेंब नाही."

आक्कांनी भावाकडे बघितलं. आपणच काहीतरी सांगून टाकावं असं त्यांना वाटत होतं, काहीतरी गोल, की नेहमीची तपासणी आहे, सगळ्यांनाच बोलावलंय.

"तुझं काही चुकलं नाही," अप्पा म्हणाले. "ताईंचंही नाही. हे वजन खोटं आहे. काटा मी तपासला होता, मी चुकलो. तुझं बाळ जन्मतःच लहान होतं. त्याला तुझं दूध हवंच आहे, पण ओढायची ताकद नाही. ते शांत नाहीये. दमलंय."

बाईच्या हातात कार्ड तसंच राहिलं. ती एकदा कार्डाकडे बघायची, एकदा अप्पांकडे.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मी."

ती ओरडेल असं आक्कांना वाटलं. ती ओरडली नाही. तिनं चप्पल शोधायला सुरुवात केली, आणि पायाशीच असलेली चप्पल तिला सापडेना. आक्कांनी ती पायानं पुढे सरकवली.

रिक्षात आक्कांनी तिच्या अंगावर शाल टाकली. "घे त्याला. कातडीला कातडी लागू दे. तोंडात घालून पीळ थोडं, त्याला ओढायला लावू नकोस, तू दे." हे सगळं त्यांनी दुपारीच वॉर्डात, सिस्टर फोनवर सांगत असताना, सूनबाईच्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं. आयुष्यात कुणाला सांगतील असं वाटलं नव्हतं.

बाळाच्या ओठाच्या कडेनं दूध बाहेर आलं. आक्कांनी बोटानं ते परत आत लोटलं. मग गळ्यावर बोट ठेवून बसल्या. रिक्षा खड्ड्यातून गेली. बोटाखाली काही हललं नाही.

"काका," बाईनं विचारलं. अप्पांकडे न बघता, बाळाकडेच बघत. "वाचेल ना?"

आक्कांनी मनातल्या मनात भावाला म्हटलं, हो म्हण. मेल्या, एकदा तरी हो म्हण.

"मला माहीत नाही, पोरी," अप्पा म्हणाले.

मग ते पुढे वाकले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "अजून जोरात चालव."

आक्कांच्या बोटाखाली गळा एकदा हलला. त्या थांबल्या. श्वास धरून थांबल्या. पुलापर्यंत थांबल्या. पुलावर तो आणखी एकदा हलला.

"गिळलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा दे."